दुपारचा ढावलो

ज्या अश्रूंवर एका माणसाचा अधिकार असतो, ते दुसऱ्याच्या दारी वाहिले तर त्याला दान म्हणावे की अपहार, याचा निवाडा धर्मशास्त्रानेही सोपा ठेवलेला नाही. आणि ज्याचा अधिकार डावलला गेला त्याने क्रोध धरला, तर त्या क्रोधाला अधर्म म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

नानीबाई उठल्या, बायकांच्या गर्दीतून वाट काढीत हरिचंद नाईकांच्या दूरदर्शन संचापाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबून पडदा काळा केला. पडद्यावर त्यांचीच थोरली मुलगी रडत होती. आणि तीच मुलगी, मिना, त्याच घरात दाराशी चटईवर बसलेली होती.

“अगं नाने, बंद काहून केलंस?” मोतीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात दात चारच उरले होते, पण जिभेची धार शाबूत होती. “नवरा आता तिला घराबाहेर काढून राहिला होता.”

“ती इथं बसलीय. इथं बघा तिला.”

“इथली कुठं रडून राहिली? आमाला रडणारी पाहिजे.”

बायका हसल्या. नानीबाई हसल्या नाहीत. कोणाकडे न पाहता त्या पायऱ्या उतरून चैत्राच्या उन्हात चालू लागल्या.

सेनगावपासून दीड कोसावरच्या त्या तांड्यात संच एकच होता, नाईकांचा. भारनियमनातून दुपारचा दीड ते दोन हा वेळ वाचला, की तांड्यातल्या बायका मिनाची मालिका पाहायला जमत. कापूस वेचणीच्या दिवसांतसुद्धा त्या शेत सोडून येत असत. धाकट्या रीताच्या लग्नासाठी मिना काल आली होती. लग्न चार दिवसांवर होते. काल दुपारपासून आईने तिला जेव म्हटले होते आणि झोप म्हटले होते. तिसरा शब्द काढला नव्हता.

“मिनाबाई,” पंचफुला कोपऱ्यातून म्हणाली, “तूच दाखव मग रडून. डबा तर तुझ्या याडीनं बंद केला.”

“काय दाखवू?” मिनाने विचारले. तिचा आवाज शांत होता, पण चटईची एक काडी तिच्या बोटांत मोडली.

“तेच की. नवरा लोटतो अन् तू उंबरा धरतीस. आमच्या काळजात चर्र होतं, बाई.”

“उंबरा लाकडाचा नसतो, काकी. पुठ्ठ्याचा असतो. धरला तर हातात येतो.” मिना बोलू लागली आणि मग तिला थांबता येईना. “अन् ते पाणी बाटलीतलं असतं. एक माणूस बाटली घेऊन उभा असतो. डोळ्यात औषध घातलं की पाणी येतं, जळजळतं, संपलं. काय बोलायचं ते सकाळी तोंडाला रंग लावताना कागदावर येतं. पाठ करायला वेळ न्हाई. कॅमेऱ्यामागून कोणीतरी एकेक वाक्य सांगतं अन् आमी पोपटासारखं म्हणतो. दिवसातून चार वेळा रडायचं. मी कोणासाठी रडतेय ते मलाबी म्हाईत नसतं. तिथं आमी तिला मालिका म्हणत न्हाई, चक्की म्हणतो. सकाळी जायचं अन् दळून यायचं. अन् तुमी तुमची कामं सोडून त्याला बघता. काहून बघता?”

मुंबईहून आणलेली तिची शुद्ध भाषा मधेच कधी गळून पडली, ते तिच्या ध्यानात आले नाही. मात्र बायकांची तोंडे उतरलेली तिने पाहिली. पंचफुलाने पदराने कपाळ पुसले, लेकरू काखोटीला मारले आणि ती निघाली. तिच्यामागून एकेक करीत सगळ्या उठल्या.

मिनाला वाटले होते की मनातले बोलून टाकल्यावर हलके वाटेल. रंगपटात तसे वाटत असे. तेथे मालिकेला नावे ठेवणे हेच कलावंत असल्याचे लक्षण होते. रविवारी नाटकाचा प्रयोग करणारे नट सोमवारी मालिकेच्या आरशासमोर बसत, तेव्हा एकमेकांना डोळा मारून बसत. जणू आरशातला चेहरा दुसऱ्याच कोणाचा. जो आपल्या कामाविषयी मनापासून बोले, त्याची नक्कल दिवसभर होई. मिना ती रीत पहिल्या वर्षात शिकली होती. येथे मात्र तिच्या बोलण्याला कोणी डोळा मारला नाही.

मोतीबाई तेवढ्या मागे राहिल्या होत्या.

“बोललीस ते बराबर असंल,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या याडीच्या कानावर ते दुसऱ्यांदा पडलं असतं. घरी गेली म्हणून वाचली.”

“दुसऱ्यांदा म्हणजे?”

मोतीबाईंनी सांगितले ते असे.

बंजारा समाजाची लेक सासरी निघते तेव्हा मुकी निघत नाही. आईच्या, काकीच्या, भावाच्या गळ्यात पडून ती रडत रडत गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. लेकीचा ढावलो झाला की आई त्याला आपल्या गाण्याने उत्तर देते, आणि मगच लेकीचे पाऊल घराबाहेर पडते. हे रडणे उपजत येत नाही. लग्नाआधी महिनाभर जाणत्या बाईपुढे बसून ते शिकावे लागते. त्या परिसरातल्या तांड्यांत ही विद्या नानीबाईंकडे होती. पन्नासेक मुलींना त्यांनी ढावलो दिला. स्वतःच्या थोरलीला द्यायचा तेवढा राहिला. आठ वर्षांपूर्वी मिना नाटकाच्या स्पर्धेला जाते म्हणून पहाटेच्या जीपने गेली, आणि पुढे मुंबईत नोंदणी कचेरीत तिने लग्न केले. तांड्यात पत्र आले. पत्राच्या गळ्यात पडून कोणाला रडता येत नाही.

“माघात एक दिवस,” मोतीबाई म्हणाल्या, “त्या मालिकेत तुझी पाठवणी होती. तू त्या दुसऱ्या बाईच्या गळ्यात पडलीस. आमी बघून राहिलो. अन् तू डोलायला लागलीस, आपल्यावाणी. हात तसेच, मान तशीच. शब्द त्यांचे होते, पण धरणं आपलं होतं. नानी उठली. डब्याला दोन्ही हातांनी धरलं अन् जबाब दिला.”

“जबाब?”

“लेकीच्या ढावलोला आईनं द्यायचा जबाब. पुरा दिला, बाई. साबणाची जाहिरात लागली तरी थांबली न्हाई. आमी कुणी हसलो न्हाई. नाईकांची बायको तर रडली. मग आठ दिवसांनी नानी सेनगावला गेली, तुला फोन लावला. परत आली ती गप. एवढंच म्हणाली, ‘ती म्हणती ते बाटलीतलं पाणी असतं, तू बघत जाऊ नको.’ तवापासून ती इथं आली न्हाई. आज तू आलीस म्हणून मीच हाताला धरून आणली. माझंच चुकलं.”

मिनाला तो फोन आठवला. फोन चित्रीकरणाच्या जागीच आला होता, भोवती चार जण होते, आणि आई आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगत होती की पोरी, त्या दिवशी तू रडलीस ते मी पाहिलं. चौघांनी ऐकले होते. एकाच्या ओठांवर हसू फुटत होते. मिना तोंड फिरवून जे बोलली, ते त्या चौघांना ऐकवण्यासाठी होते, आईला नव्हे.

ती उठली आणि घराकडे निघाली. रागाने तिची पावले वाटेवर आपटत होती. कोणावरचा राग, ते तिला नीट सांगता आले नसते. आईवरचा, बायकांवरचा, ओठांवर हसू आणणाऱ्या त्या माणसावरचा. दिशा तेवढी सापडली होती.

घरामागे कडुनिंबाच्या सावलीत नानीबाई रीताला समोर बसवून शिकवत होत्या. रीता एक ओळ म्हणे आणि दम खाई.

“इथं श्वास तोडला तर पुढचं रडणं कशावर उभं करशील?” नानीबाई म्हणत होत्या. “पुन्हा.”

“याडी,” मिना म्हणाली, “मला कुणी सांगितलं न्हाई.”

“काय सांगायचं?” नानीबाईंनी वर पाहिले नाही. “नानीबाई डब्याला मिठी मारून रडली, हे? सगळ्या तांड्याला म्हाईत हाये. तुला काय फरक पडतो?”

“मी खोटं रडते म्हणून तुला राग हाये. मलाबी हाये. रोज हाये. तू एकटीच रागावलीस असं समजू नको.”

“खोट्याचा राग?” आता नानीबाईंनी मान वर केली. “ही काय खरं रडून राहिली? बघ, डोळे कोरडे ठणठणीत. महिना झाला, रोज खोटंच रडून घेते तिच्याकडून. पन्नास पोरींकडून घेतलं. खोटं चांगलं केलं की खऱ्याला उतरायला जागा होते. ते तुला कुणी शिकवलं न्हाई, कारण तू शिकायला बसलीच न्हाईस.”

“मग राग कशाचा?”

रीता उठू लागली. नानीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबून तिला खाली बसवले.

“त्या दिवशी तू खरी रडलीस,” त्या म्हणाल्या. “मला काय सांगती बाटली? मला कळत न्हाई व्हय? माझं सगळं आयुष्य त्यात गेलं. माझ्या वाट्याचा ढावलो तू त्या परक्या बाईच्या गळ्यात दिलास. दिलास तर दिलास. माझ्यापर्यंत पोचला, मी घेतला. सगळ्यांसमोर घेतला. अन् मग तूच म्हणालीस की ते पाणी होतं.”

कडुनिंबाची पिवळी पाने तिघींच्या मधे पडत होती. मिनाच्या मनात तो दिवस उभा राहिला. आईची भूमिका करणारी नटी तिच्याहून सहाच वर्षांनी मोठी होती आणि दोन दृश्यांच्या मधे स्वेटर विणत बसे. त्या दिवशीही बाटलीवाला माणूस पुढे आला होता. मिनाने त्याला हाताने बाजूला सारले होते. का सारले, ते तिला तेव्हा कळले नव्हते. दिग्दर्शक म्हणाला होता की हात तोंडाच्या आड येतो आहे, पण पुन्हा करायला वेळ नाही, चालू दे. त्यावर ती त्याच्या अंगावर ओरडली होती आणि जेवायला निघून गेली होती. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

“बाटली नव्हती,” ती म्हणाली.

“मला म्हाईत हाये.”

“तिथं खरं रडले असं म्हटलं तर हसतात, याडी.”

“अन् इथं?”

मघाशी घराघरांत निघून गेलेल्या बायकांच्या पाठी मिनाच्या डोळ्यांपुढे आल्या.

नानीबाईंनी रीताला कोपराने बाजूला केले. “सरक,” त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी तळहात आपटला. ते बोलावणे कमी आणि दटावणे अधिक होते. तरी मिना बसली. मग ती पुढे झुकली आणि तिने आईच्या खांद्यावर कपाळ टेकले.

“उजवा धरतात काय आधी?” नानीबाईंचा आवाज तिच्या कानाशीच तडकला. “तिथंबी उजवाच धरलास. मला तवाच दिसलं होतं. आधी डावा. जिथं लेकरू निजवतात तो.”

मिनाने मान उचलून डाव्या खांद्यावर ठेवली. तिने पहिली ओळ काढली. आवाज घोगरा निघाला, मधेच फुटला आणि सूर खाली घसरला. डोळे कोरडे होते, आईचेही. नानीबाईंनी जबाब दिला नाही. त्यांच्या कपाळावरची आठी होती तशीच होती.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

रीता जवळ सरकून ऐकू लागली. मिनाने पुन्हा सुरुवात केली.

जिने राग सोडला नाही आणि विद्याही राखून ठेवली नाही, त्या माउलीचे कल्याण असो. त्या दोन्ही लेकींना दीर्घ आयुष्य लाभो. आणि कोरड्या डोळ्यांनी शिकायला बसणाऱ्या प्रत्येकीला, ‘पुन्हा’ म्हणणारे कोणीतरी मिळो.