चार देह, आठ धागे

सकाळचे अकरा वाजलेले, आणि नकाशा कार्यालयाच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एकाच स्क्रीनवर. संगणकावर किती काम चाललंय ते दाखवणारी खिडकी उघडलेली. आठ चौकोन, प्रत्येकात हलती हिरवी रेघ, आणि खाली लिहिलेलं : गाभे ४, धागे ८.

"गाभे म्हणजे देह!" महाराज गरजले. "देह चार, धागे आठ. मग वरचे चार धागे चालवतं कोण?"

खोली शहारली. बाकीच्या जुनाट संगणकांवर असं दिसत नव्हतं ना! हे महाराज पाच महिन्यांपूर्वीपर्यंत याच कार्यालयात शाईच्या डब्या सांभाळायचे, तेव्हा त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. या संगणकापुढच्या खुर्चीत नकाशा काढता काढता एक जण गेला, त्याचा आत्मा मशीनमध्येच राबतोय असं यांनी उठवलं आणि यांचं नशीब उघडलं.

गेलेल्याची बायको पुढ्यातच बसली होती. शिवणकामावर घर चालवणारी बाई. गेले पाच महिने ती रोज येत होती. मशीन बंद झालं किंवा तिचा एक दिवस चुकला, तर धागा तुटेल आणि नवरा कायमचा जाईल, असं महाराजांनी बजावलेलं. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, तू नसलीस तर मला भीती वाटते गं," असं ती काल फोनवर रडली. हिचं उत्तर काय, तर "तुझ्या बाबांना एकटं कसं सोडू?"

"दादा, काम आलंय!" महाराजांनी गेलेल्याला हाक मारून भलामोठा नकाशा उघडला. आठही रेघा वर उसळल्या. मशीनमधली सूं सूं वाढली. बाईने मशीनला कान लावला. दमेकरी नवऱ्याचा श्वास तिने ओळखला होता.

नवा संगणक बसवायला आलेली दुरुस्तीवाली दारात उभी राहून हे पाहत होती. ती बाईशेजारी येऊन बसली.

"काकू, कॉलरचं अस्तर चिकटेपर्यंत तुम्ही काय करता? हात बांधून बसता?"

"छे! तेवढ्यात पडद्याला टीप मारते."

"म्हणजे बाई एक, कामं दोन. खिडकीतून डोकावून कुणी म्हणालं, इथे दुसरी शिंपीण आहे पण ती दिसत नाही, तर?"

"डोळ्यांत औषध घाल म्हणेन."

"गाभा म्हणजे तुम्ही, आणि धागा म्हणजे हातात घेतलेलं काम. एक अडलं की दुसरं पुढे. प्रत्येकाच्या हातात दोन, म्हणून धागे आठ दिसतात. करणारे चारच."

"आणि हा श्वास?" बाईने मशीनकडे बोट दाखवलं.

"पंखा आहे, काकू. काम वाढलं की मशीन तापतं, मग तो जोरात फिरतो."

"नास्तिकांना अनुभूती येत नसते!" महाराज कडाडले.

दुरुस्तीवालीने सगळ्यांदेखत नव्या खोक्याचं सील फोडलं, संगणक जोडला, तीच खिडकी उघडली. गाभे ४, धागे ८. तोच नकाशा उघडला. आठही रेघा उसळल्या, सूं सूं सुरू.

"याच्यापुढे अजून कुणी बसलेलंसुद्धा नाही. यात कोण मेलंय, महाराज?"

गर्दी खो खो हसली. बाई हसली नाही.

"म्हणजे ते इथे नव्हतेच," ती म्हणाली. "पाच महिने मी पंख्याशी बोलत होते."

"हो, काकू."

ती पोटभर रडली. मग उठून जुन्या मशीनचं बटण तिने स्वतः दाबलं. सूं सूं थांबली. नवरा गेल्याचं दुःख तिला त्या दिवशी पहिल्यांदा पुरतं जाणवलं. तिथूनच तिने लेकीला फोन लावला, "निघालेच मी," एवढंच म्हणाली, आणि दारात वळून गर्दीकडे पाहिलं.

"आकडा कळला नाही तर जाणत्याला विचारा. मी विचारलं नाही, आणि मेलेल्या माणसासाठी जित्या लेकीकडे पाठ करून बसले."