जीप मंगळवारीच का रडते

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला सुलाबाईच्या अंगणातली जीप रडायला लागली आणि शंभर-सव्वाशे माणसांनी एकदम हात जोडले. जीपच्या पोटाखालून पहिला काळा थेंब पितळी ताटलीत टपकला. बायकांनी पदर डोळ्याला लावले, बाप्यांनी मोबाइल वर केले.

"इंजिन चालू हाय का?" तैलनाथ महाराजांनी विचारलं.

"न्हाई!"

"तीन वर्सांत चाक फिरलं का?"

"न्हाई!"

"मायबाप हो, माणसाची माया संपती का?"

"न्हाई!"

"मग हे तेल कसं संपंल?"

याला उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्नच नव्हता. पण तो विचारताना महाराज डोळे मिटत, आणि मिटलेल्या डोळ्यांशी वाद घालायची आपल्याकडे पद्धत नाही.

जीप सूर्यभानची. चिखल, नांगरट, नदीची वाळू, कुठूनही चारी चाकांनी ओढत निघणारी जुनी गाडी. पंचवीस वर्षं त्यानं तिच्यातून माणसं ताडकळसला नेली-आणली. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि जीप कडुनिंबाखाली उभी राहिली. मागं बायको, सुलाबाई, एकटी. मूलबाळ नाही. तीन वर्षांत दूधवाला आणि पट्टी करणारी सिस्टर सोडली तर अंगणात कुणी आलं नाही. मग एकदा महाराज पाणी प्यायला थांबले, त्यांनी जीपखालचा तेलाचा डाग पाहिला आणि सूर्यभान बायकोसाठी रडतोय असं जाहीर केलं.

पुरावा चोख होता. महाराजांनी सगळ्यांदेखत जीपच्या पोटाखालचा गळणारा डबा रिकामा करवला, तेल भरायचं बूच आवळून त्याला लाल दोऱ्याचे सात वेढे दिले आणि वर लाखेची मोहर मारली. पुढच्या मंगळवारी दोरा तसाच, मोहर तशीच, आणि थेंब चालू! मंगळवारच का, यावर गावात तीन मतं होती. काहींना यात मारुती दिसे, काहींना देवी. तिसरं मत भागवतचं: मंगळवारी त्याच्या ऑटोला भाडं नसतं, त्यामुळे त्याला रांग सांभाळायला सवड मिळते.

हे तेल लोक गुडघ्याला लावत, दहावीच्या हॉलतिकिटाला लावत. सुलाबाई ते पायाच्या जखमेला लावत होती.

गर्दीच्या शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ भुजंग उभा होता. ताडकळसला त्याचं गॅरेज होतं. आता शटर खाली आहे. बायको गेली, डोळे मंदावले, आणि दिवसभर त्याच्याशी बोलणारा एक रेडिओ तेवढा उरला. नाक मात्र शाबूत. गेल्या आठवड्यात बाजारात एका म्हातारीच्या गुडघ्याला त्याला नव्वद नंबरच्या गिअर तेलाचा वास आला, आणि तिनं त्याला जीपबाबाचा पत्ता सांगितला. पत्ता ओळखीचा निघाला.

आदल्याच दिवशी, सोमवारी दुपारी, तो सुलाबाईकडे येऊन गेला होता.

"वैनी, पाय दाखवा."

तळपायाची जखम कडेनं काळी पडली होती, वर तेल चमकत होतं. साखरेचा आजार. सत्यशीला सिस्टर एक दिवसाआड पट्टी करायला यायची. पंधरा दिवसांपासून सुलाबाई तिला दारातूनच परत लावत होती. सिस्टर भुजंगला फाट्यावर भेटली होती. "काका, अजून आठ दिवस असंच चाललं तर घोट्यापासून कापावा लागंल. माझं ऐकत न्हाईत त्या."

"हे धुऊन टाका वैनी," भुजंग म्हणाला. "हे गाडीच्या दातऱ्यांचं, गिअरच्या चाकांचं तेल हाय. माणसाचं न्हाई."

"ते रडायलेत भावजी. माझ्यासाठी."

"सूर्यभान? त्यो सख्ख्या आईच्या मयतीला रडला न्हाई."

"म्हणूनच तर." सुलाबाईनं पाय पदराखाली घेतला. "जित्तेपणी दोन शब्द कधी बोलले न्हाईत. आता कुठं बोलायलेत. अन् लोक येतेत, बसतेत. चहाला माणूस हाय आता. तुमी त्यांचे एवढे दोस्त. तीन वर्सांत एकदा तरी आलात का?"

भुजंगनं खिडकीकडे पाहिलं. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून. खिडकीत नव्वद नंबरचा पत्र्याचा डबा होता. खिडकीवर बोटभर धूळ होती. डब्यावर नव्हती.

तर मंगळवारी, थेंब पडून आरती सुरू व्हायच्या बेतात, भुजंग झाकलेला तांब्या घेऊन पुढं आला.

"महाराज, मला अभिषेक घालायचाय."

"घाला की बाबा. बोनेटवर घाला."

"आधी कापूर विझवा. उदबत्त्या बी."

"कामून?"

"मागून सांगतो. अन् घालणार मी न्हाई. गाडीच्या गादीला फक्त वैनीचा हात लागावा, असा तुमचाच हुकूम हाय न्हवं?" भुजंगनं तांब्या सुलाबाईच्या हातात दिला. "वैनी, नेहमीच्या जागी वता."

सुलाबाईचा चेहरा उतरला. "तुमाला कसं ठावं?"

"त्या जागेला भोक मीच पाडलंय."

"थांबा! आज मुहूर्त न्हाई!" महाराजांचे डोळे पहिल्यांदाच टक्क उघडे होते.

"ऱ्हाऊ द्या महाराज, म्हाताऱ्याची हौस," भागवत म्हणाला आणि त्यानं भक्तिभावानं कापूर आणि उदबत्त्या विझवल्या.

सुलाबाई लंगडत जीपमध्ये चढली. गिअरच्या दांड्याजवळची रबरी टोपी सरकवून तिनं बूच काढलं, तांब्या ओतला आणि खाली उतरली. एरवी तेलाला एक अख्खा दिवस लागायचा. आज चहाला उकळी यायला लागते तेवढ्यात धार लागली.

"धार! धार लागली!" भागवतनं ताटली धरली, त्यात बोट बुडवून कपाळाला लावलं, आणि थांबला. बोट नाकाशी नेलं. "काका... हे तर रॉकेल हाय."

"व्हय. रेशनचं. तुमचा जीपबाबा आज रॉकेल रडायलाय."

एक जण हसला. मग कुणीच हसलं नाही.

"माझी मोहर तपासा!" महाराज ओरडले.

"मोहर शाबूत हाय महाराज. चोर दारातून आलाच न्हाई, तो आतल्या आत खोली बदलून आला." भुजंगनं दोन मुठी एकमेकींना चिकटवून दाखवल्या. "या गाडीच्या पोटात दोन डबे असतेत. वरचा गिअरचा. त्याला चिकटून जरा खाली दुसरा, चारी चाकांना जोर वाटणारा. दोन्हीच्या मधून एक दांडा जातो, अन् दांड्याभोवती रबराची कडी असती. सील. ते वाळलं की वरचं तेल दांड्याच्या कडंनं खालच्या डब्यात उतरतं. खालच्याच्या तळाची फट उघडी हाय, तिथून भुईवर. तुमी दोरा बांधला खालच्याला. वरच्याला कोण बांधणार?"

"मग वरून तेल कोण वततंय?" भागवतनं विचारलं.

भुजंगनं सुलाबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बोटांचा वास घेत उभी होती. ती गप्प राहिली असती तर अदृश्य शक्ती आणखी वर्षभर चालली असती, अंगणही भरलेलं राहिलं असतं.

"मी," ती म्हणाली. "दर सोमवारी पावशेर. मालकांनी सांगितलं होतं, वरचा डबा कोरडा पडू देऊ नको. मी पडू दिला न्हाई. मला वाटलं वरचं येगळं, खालचं येगळं. मधी लोखंड हाय." मग एकट्या भुजंगला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "म्हणजे ते रडत न्हवते."

"न्हाई वैनी."

"मीच वतायची, अन् मीच डोळ्याला लावायची."

भुजंग महाराजांकडे वळला. "गादीला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये म्हणालात. म्हणजे खिडकीतला डबा तुमी पहिल्याच दिवशी बघितला होता."

महाराजांना अचानक हिमालयाचं बोलावणं आलं. त्यांनी पकडलेली एसटी गंगाखेडची होती, असं भागवत सांगतो. त्याच दुपारी भागवतच्या ऑटोतून, सत्यशीला सिस्टरच्या खांद्यावर मान टाकून, सुलाबाई परभणीच्या दवाखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी भुजंग पान्यांची पेटी घेऊन आला. अंगणात कुणी नव्हतं. चमत्काराला सव्वाशे माणसं लागतात, दुरुस्तीला एक पुरतं. त्यानं जीपच्या आतली तळाची पत्र्याची पाटी उचकटली, जॅक लावला, दोन्ही डबे उतरवले आणि गोणपाटावर एकेक दातरी काढलेल्या क्रमानं मांडली. रॉकेलमध्ये धुतली. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं. आत वाळू असल्यासारखं वाजलं. सील बोट लावताच पापडासारखं मोडलं. एका दातरीवर दोन बारीक ठिपके होते. सहा उन्हाळ्यांपूर्वी जुळणीच्या खुणेसाठी त्यानंच ठोकलेले. तेव्हा सूर्यभान समोर उकिडवा बसून दातऱ्या पुसून देत होता, न बोलता. सील तेव्हाच बदलायचं होतं. "पुढच्या उन्हाळ्यात बघू," भुजंगच म्हणाला होता. "तवर सोमवारचं पावशेर घालत जा."

त्यानं नवं सील बसवलं, नवं बेअरिंग बसवलं, तळाच्या झाकणाखाली नवी पट्टी कापून घातली. ठिपक्याला ठिपका जुळवला. आठ दिवस तो दातऱ्यांशी बोलला, कारण दुसरं कुणी नव्हतं. त्या आठ दिवसांत अंगणात फक्त दूधवाला डोकावला, तोही चुकून.

वीस दिवसांनी सुलाबाई परत आली. करंगळी गेली होती, पाय राहिला होता. घरात शिरायच्या आधी तिनं वाकून जीपखाली पाहिलं. भुजंगनं तिथं वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

"व्हय."

सोमवार होता. तिचा हात खिडकीतल्या डब्याकडे गेला.

"आता नको वैनी. आता वर्सभर बघायची गरज न्हाई."

"मग सोमवारी मी काय करू?"

गॅरेजच्या इतक्या वर्षांत असा प्रश्न भुजंगला कुणी विचारला नव्हता. त्यानं बराच वेळ पाना पुसला. "चहा ठेवा," तो म्हणाला. "मी येत जाईन. तपासायला."

मंडळी, आपलं मागणं एवढंच आहे. कुठं काही गळताना दिसलं तर हात जोडायच्या आधी वरून कोण ओततंय ते बघा. जखम झाली तर ती पट्टी करणाऱ्या माणसाला दाखवा, डोळे मिटणाऱ्याला नको. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर तिथं महाराज पोचायच्या आधी तुम्ही पोचा. भुजंगला तीन वर्षं उशीर झाला होता.

आता दर सोमवारी तो येतो, जीपखाली वाकतो, वर्तमानपत्र उचलून उन्हात धरतो. कोरडं असतं. तपासण्यासारखं काही नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. चहा दोन कप होतो.