डाव्या हाताची वाट

हात ओला असला तरी खुशाल ठेवा माझ्यावर, मला सवय आहे. मी लाकडी कठडा. आज या हॉटेलच्या जिन्याला जडलेला दिसतोय, पण माझी उमेदीची वर्षं बाहेर गेली, गरम पाण्याच्या कुंडात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी.

तिथं लोखंड टिकत नाही, गंधकाचं पाणी त्याला खातं. म्हणून मला सागाचा केला. सुतार मोठा चिकित्सक होता. रंधा मारून झाला की डोळे मिटून माझ्यावरून हात फिरवायचा आणि कुठं खरखरीत लागलं की पुन्हा घासायला बसायचा. "दुखणेकरी माणसांच्या हातात जाणार हा," म्हणायचा. "त्यांना आधीच काय कमी टोचत असतं?"

हॉटेल गावापासून लांब, शेतांच्या मधोमध. लोक आपापले गुडघे आणि कंबरा घेऊन यायचे. खोलीत सामान टाकलं, की टॉवेल खांद्यावर घेऊन थेट कुंडावर. मोठी मोठी माणसं काठावर असताना मला शिवतसुद्धा नसत. पाण्यात पहिलं पाऊल पडून चटका बसला, की मात्र सख्खा भाऊ भेटल्यासारखी मिठी!

एका हिवाळ्यात दोघी आल्या, नणंद आणि भावजय. नणंद तोंडाची फटकळ, पायांची तुरुतुरु. वहिनी मागून एक पाय ओढत. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय थोडा सावरला होता, डावा हात मात्र खांद्याला नुसता लटकत होता. आणि बाई शिवणकाम करणारी. नवरा गेल्यावर याच हातांवर तिनं घर उभं ठेवलेलं. हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. वाफेत माणसं मोकळी होतात, आणि कठड्यासमोर कोण लाजतं?

कुंडावर काम करणाऱ्या बाईनं तिचा डावा हात उचलून माझ्यावर ठेवला. "पाण्यात बसून रोज याला धरायचं बघा," म्हणाली. हात गार होता, जड होता. बोटं काही मिटेनात. वहिनी उजव्या हातानं तो ठेवायची आणि तो आपला घसरून पाण्यात पडायचा.

"धर की गं, वहिनी! माझ्या पाठवणीला मला कशी गच्च धरून रडली होतीस, तसं धर."

"ते आनंदाचं रडणं होतं, वन्सं. तुम्ही घरातून जात होतात."

दोघी हसायच्या. मीही ओलाचिंब होऊन ऐकत राहायचो. खरं सांगतो, तोवर हजार हात मला धरून गेले होते, पण जो हात मला धरू शकत नव्हता त्याच्यातच माझा जीव अडकला. सकाळी वाटेवर पाय ओढल्याचा आवाज आला की वाटायचं, आज धरेल. आज नक्की धरेल.

पण हसणं हळूहळू कमी झालं. एका सकाळी वहिनी वरच्या पायरीवरच थांबली.

"उद्या घरी जाऊ, वन्सं. हा काय हात आहे? गाठोडं आहे नुसतं. आणि ते मशीन कुणाला तरी देऊन टाका. समोर दिसलं की जीव जळतो."

नणंद एक पायरी खाली होती. "मशीन मी माझ्या घरी नेऊन ठेवलंय. देणार नाही कुणाला."

"तुम्हाला कशाला हवंय? त्याच्या खडखडाटानं माहेरी तुमची झोप मोडायची."

"मोडायची! आता ते गप्प आहे, तर झोपच येत नाही."

एवढं बोलून नणंद डोळे पुसायला वळली आणि शेवाळावरून तिचा पाय सटकला. वहिनीनं उजव्या हातानं तिचा दंड पकडला. आता दोघीही खाली जाणार, तोच माझ्यावर एक हात आदळला. डावा. आणि बोटं मिटली! सबंध पकड नव्हती ती. करंगळी तर बाहेरच राहिली होती. पण दोन बायकांचा भार त्या पकडीनं तोलला.

"वन्सं, धरलंय! मी धरलंय!"

"कळतंय गं मला! दंड मोडशील. ओरडू नकोस."

"तुम्हाला नाही हो, कठड्याला!"

नणंद वळून बघतच राहिली. मग दोघी त्याच पायरीवर बसल्या आणि रडल्या. कुणी कुणाला गच्च धरलं होतं ते मला सांगता येणार नाही.

दोघी आणखी काही दिवस राहिल्या. निघायच्या सकाळी वहिनीनं दोन्ही हातांनी टॉवेल पिळून दाखवला. मॅनेजर रिवाजाप्रमाणे म्हणाला, "पुन्हा या." कुंडावरची बाई म्हणाली, "मुळीच येऊ नका!" आणि तिघी हसल्या. मी कसा हसणार? तिचं म्हणणं खरं होतं. बरी झालेली माणसं माझ्याकडे कशाला येतील? वहिनी बरी व्हावी म्हणून मी झुरलो, आणि ती बरी झाली म्हणून पुन्हा झुरत राहिलो.

पुढं पाण्यानं माझे खालचे खांब कुजले. तिथं न गंजणारी चकचकीत नळी आली. माझा वरचा भाग शाबूत होता, तो कापून या जिन्याला बसवला. आता मला किल्ल्यांचे आवाज ऐकू येतात, ओल्या चपला दिसतात. प्रत्येक डावा हात मी तपासून बघतो.

आणि गेल्या हिवाळ्यात ती आली. केस पिकलेले, चाल ताठ. बरोबर नणंद, खुब्याचं हाड मोडून जेमतेम उभी राहिलेली. वहिनीनं तिचा दंड डाव्या हातानं घट्ट धरला होता. पाची बोटं मिटलेली.

दोघी भिंतीच्या बाजूनं चढू लागल्या. नणंद धापा टाकत म्हणाली, "मला कठड्याकडून ने ना, वहिनी."

"कठडा कशाला हवाय? मी आहे ना."

आणि दोघी माझ्या समोरून वर निघून गेल्या. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कशी पाहील? तिचं सगळं लक्ष नणंदेच्या पावलांवर होतं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. पण त्या हातावरून माझी नजर हटेना.

चला, तुमचीही खोली वरच आहे वाटतं. बरोबर कुणी असेल तर त्याचाच हात धरा, मला राग नाही. एकटेच असाल, तर या बाजूनं या.