एका दारातल्या दोन कंपन्या

तळहाताएवढा तुकडा. पांढराही नाही, पिवळाही नाही – मागावरून नुकतं उतरलेलं, न धुतलेलं कापड असतं तसा – आणि मधोमध ओला डाग, काही केल्या न वाळणारा... सरस्वतीबाई त्या डागाकडे बघत बसल्या होत्या. अकरा वाजले होते, पंखा फिरत होता, खाली पर्वत पाटियाच्या चौकात टेम्पो एकमेकांवर खेकसत होते, आणि हात मांडीवरून उठत नव्हते.

डाग लखननं पाडला होता. कडोदऱ्याहून सकाळीच मोटारसायकलवर आला, चपला दाराबाहेर काढून पाचवीत उभा राहायचा तसाच उभा राहिला – आता छत्तीस वर्षांचा, सोळा माग चालवणारा माणूस – आणि म्हणाला, "बाई, पेलाभर पाणी द्या. प्यायला नाही, दाखवायला." कापड हातावर ताणून त्यानं वरून पाणी ओतलं. पाणी झिरपून सरळ फरशीवर.

"बघा. याच्यावर लेप कुठं आहे? मी तं जन्मात कधी कापडाला लेप लावला नाही. पण बाहेरदेशची माल घेणारी पार्टी म्हणते, तुझी कंपनी रेनकोटच्या कापडाची, तुझ्या लेपात बंदीचं रसायन सापडलं. शेठनं सूत द्यायचं थांबवलं. म्हणतो, कुठल्या तरी यादीत तुझं नाव लाल झालंय, ते आधी काढ."

"कुठल्या यादीत?"

"ते मला कळलं असतं तर तुमच्या फरशीवर पाणी कशाला सांडलं असतं?" तो हसला. "तुम्ही रिटायर झाल्यावर कंप्युटरवर कंपन्यांचंच काम करता ना? म्हटलं, बाईंना सापडेल. कारागिरांना दहा दिवस थांबा म्हणालोय. पुढं ते दुसरीकडं जातील, मग माग भंगारात."

"बघते," बाई म्हणाल्या होत्या. आणि ते म्हणतानाच त्यांना कळलं होतं की बघण्यासारखं काही नाही. मीच केलंय हे.

महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्या घरबसल्या हे काम करत होत्या. जगात कुणीही उघडून पाहावी, कुणीही उचलून न्यावी अशी यादी; माल घेणाऱ्या पार्ट्या आपापल्या याद्या तिच्यावरूनच बनवतात. त्यात प्रत्येक कंपनीला एक क्रमांक, क्रमांकाला तिचा माल जोडलेला, मालाला त्याचा प्रकार. एकच कंपनी दोनदा नोंदली गेली असेल तर दोन्ही नोंदी 'एकच' म्हणून बांधायच्या. एकदा बांधल्या, की एकीबद्दल जे खरं ते दुसरीबद्दलही खरं. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर मग मुलांनो, अ म्हणजे कोण? – क, बाई! – सगळा वर्ग एका सुरात. किती वर्षं शिकवलं होतं ते, आणि किती निरुपद्रवी दिसायचं फळ्यावर...

आठ महिन्यांपूर्वी दोन नोंदी समोर आल्या – एक लेपाच्या कंपनीची, एक लखनच्या मागांची. प्लॉट एकच. फोनही एकच. तो फोन कुंदनचा – त्या प्लॉटवरच्या शेडमधल्या सगळ्यांचे कागद तोच भरतो आणि प्रत्येक अर्जावर स्वतःचाच नंबर टाकतो. तिकडे सगळीकडे तसंच चालतं. दुसरा कुणी असता तर थबकला असता, चौकशी केली असती. बाई थबकल्या नाहीत, कारण ती जागा त्यांनी पाहिली होती. लखन तीन दिवस शाळेत आला नाही म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी त्या त्याच्या बापाच्या कामावर शोधत गेल्या होत्या – खाली लेपाचं मशीन, वर माग, आत जायला एकच दार, प्यायला एकच पिंप, वरचे-खालचे एकाच पंगतीत डबे उघडून बसलेले. मला माहीत आहे की, असं म्हणून त्यांनी गाठ मारली. खात्री आहे का, असं पडद्यानं विचारलंही होतं.

त्यांनी हर्षदाला फोन लावला. ऑफिसातली त्यांची वरिष्ठ. वयानं त्यांच्या शेवटच्या वर्गातल्या मुलींएवढी.

"काकू, गाठ सोडा ना, दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि ज्यांनी आधीच उचलून नेलंय?"

"त्यांनी परत उचललं तर सुधारेल. नाही तर जुनंच राहील."

"किती जणांनी नेलंय?"

"ते नाही कळत, काकू. उघडी यादी आहे, कोण घेऊन गेलं ते कोण लिहून ठेवणार?" मग जरा थांबून, "फक्त कारण नीट लिहा. जोडलं कुणी, तोडलं कुणी, का – सगळं नावासकट सगळ्यांना दिसतं."

पान उघडलं. दिसतच होतं. तारीख, वेळ, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, हजेरीपटावर लिहायच्या तसं. आठ महिने ते तिथं होतं. लखनला ते इंग्रजी वाचता येणार नाही कदाचित, पण त्याची धनश्री नववीत आहे, तिला दोन क्लिकमध्ये सापडेल...

गाठ सोडली तर लखनची नोंद वेगळी उभी करायला हवी, आणि तिला प्रकार द्यायला हवा. कापड बनवणारा? पण सूत शेठचं, कापडही शेठचं. सेवा देणारा? मग पार्टी विचारेल, माल विणला कुणी? माग त्याचे, घाम त्याचा, आणि या दोहोंसाठी यादीत रकाना नाही. बाईंचं बोट एका रकान्यापाशी गेलं, दुसऱ्यापाशी गेलं, मागं आलं. पूर्वी दिवसाला साठ-साठ नोंदी लावल्या होत्या. त्या साठांमधून अजून कोण कुठे बुडालं असेल? चूक झाली तर खोडरबर आहे, घाबरायचं नाही – पोरांच्या पाठीवरून हात फिरवत हे म्हणणारी बाई कोण होती?

आणि शुभम – हे आता का आठवावं? लखनचा थोरला भाऊ, वर्गात काचा फोडणारा. लखनच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी लिहिलं होतं, 'भावासारखाच बेजबाबदार.' लखननं काहीच फोडलं नव्हतं. पुस्तकावर अंगठा उठवायला बाप आला होता, राघो, केसांत कापसाची धूळ. "काय लिखेल शे, बाई?" त्यानं विचारलं होतं. आणि बाई... बाई म्हणाल्या होत्या, "चांगला आहे मुलगा, लक्ष द्या." राघो पाया पडला होता.

दुपार कलली. त्यांनी गाठ सोडली. नोंद वेगळी केली, एक रकाना निवडला. कारणाची चौकट कोरी राहिली. 'पत्त्यावरून गैरसमज' असं लिहिलं, पुसलं. गैरसमज कुणाचा? 'माझी चूक' लिहिलं, आणि ते दोन शब्द सगळ्या जगाला दिसणार म्हणून नव्हे, एकालाच दिसतील म्हणून पुसले.

फोन वाजला. लखन.

"काही कळलं का, बाई?"

"हो... बघितलं मी. ते वेगळं केलंय आता. पण पसरलेलं परत येईलच असं नाही, लखन. दहा दिवसांत तर–"

"केलं ना तुम्ही? बास." मागे खडखडाट नव्हता, सोळा माग गप्प होते, म्हणून त्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता. "मी सांगितलंच होतं सगळ्यांना, बाईंच्या हातात गेलंय म्हणजे झालं. कुणी येड्यानं जोडलं असेल काय माहीत!"

आता. आता बोलायचं.

"लखन, ते जोडणारं..."

"जाऊ द्या हो, बाई. चहा घेतला का तुम्ही?"

कोण, असं तो विचारत नव्हता. विचारणारही नव्हता. धनश्रीनं नाव वाचून दाखवलं तरी म्हणेल, ही दुसरी कुणी असेल, आपल्या बाई नाहीत. पाचवीत असताना त्यानं त्यांना जिथं ठेवलं होतं, तिथून त्यांना हलवायचं त्याच्या मनातही येत नव्हतं, आणि तिथं पोहोचून ती नोंद बदलणं जगातल्या कुणालाच जमणार नव्हतं – स्वतः त्यांच्याशिवाय.

"बाई? आहात ना?"

सदतीस वर्षं त्या हाकेला त्यांनी वर न बघता 'हं' म्हटलं होतं. आज पहिल्यांदाच ओ द्यायची भीती वाटली, आणि पलीकडे तो वाट बघत होता.