हळुवार साहेबांच्या पायऱ्या

सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी साडेसातला माझे सासरे गेले. तिकडे, घरी. इकडे बायको अंघोळीला गेली होती आणि मी हॉटेलच्या खोलीत फुकटच्या कॉफीची तिसरी पुडी फोडत होतो. मेव्हण्याचा फोन आला.

"भाऊजी, अण्णा गेले. झोपेतच. ताई आहे का जवळ?"

"अंघोळीला गेलीय."

"मग तिला विचारून सांगा, थांबायचं का? बर्फाची पेटी मिळतेय. उद्या दुपारपर्यंत पोचताय ना तुम्ही?"

नळाचा आवाज येत होता. दार वाजवायला सात पावलं चालावी लागली असती.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. "मध्ये विमान बदलायचंय, कुठे उशीर झाला तर सगळे ताटकळतील. तुम्ही उरकून घ्या."

"ताईला चालेल ना?"

"तिचं मी बघतो. माझ्या पद्धतीने."

पद्धत सांगायला हवी. मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं आहे. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात, त्यामुळे कुणाच्याही घरचा निरोप आधी माझ्या टेबलावर येतो. यंत्रावर उभ्या माणसाला मरणाची बातमी एकदम देता येत नाही, बोटं जातात. म्हणून मी तीन पायऱ्या पाडल्या. आधी 'जरा ताप आहे म्हणे'. तासाभराने 'ॲडमिट केलंय, काळजीचं कारण नाही'. भोंगा झाला की 'सीरियस आहेत, निघा लगेच'. चौथी पायरी घरच्यांची, तिच्यात मी पडत नाही. माणूस अर्धाअधिक रडून घरी पोचतो आणि शिफ्टही भरते. कारखान्यात मला हळुवार साहेब म्हणतात. दोन मॅनेजरांनी या कामाचं कौतुक केलंय, त्यातल्या एकाने तर लेखी.

एकदा एका फिटरला म्हटलं, "आईला जरा ताप आहे म्हणे." तो म्हणाला, "साहेब, आई जाऊन तीन वर्षं झाली. कुणा दुसऱ्याचा निरोप असेल, बघा." हा किस्सा मी जेवताना इतक्यांदा सांगितलाय, की शेवटचं वाक्य बायकोच म्हणते.

ती न्हाऊन बाहेर आली. "कुणाचा फोन?"

"ऑफिस."

"सुट्टीतसुद्धा सोडत नाहीत मेले."

मग आम्ही बाजारात गेलो. अण्णांसाठी कानटोपी घ्यायची होती. तिने एक तपकिरी आणि एक निळी अशा दोन टोप्या आळीपाळीने माझ्या डोक्यावर चढवल्या. अण्णांचं डोकं माझ्यापेक्षा मोठं, असं दुकानदाराला हातवारे करून समजावलं. तोही हसला.

"कुठली शोभेल हो त्यांना?"

"निळी," मी म्हणालो.

"उद्या विमानतळावरून आधी अण्णांकडेच जायचं हं. आपल्या घरी नंतर. बावीस दिवसांत त्यांचं तोंड पाहिलं नाहीये. फोनवर सगळ्यांना नुसतं कपाळ दाखवतात."

दुपारी नदीकाठच्या एका बाकावर बसून आम्ही आइस्क्रीम खाल्लं. बारा वाजता मेव्हण्याचा मेसेज आला: 'झालं सगळं.' मी फोन खिशात टाकला आणि तिच्या हनुवटीवर आइस्क्रीम लागलंय ते दाखवलं. तिचा दिवस वाचवल्याचं समाधान मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाटत होतं.

पहिली पायरी संध्याकाळी विमानतळावर, बॅगांच्या रांगेत.

"अण्णांना जरा ताप आहे म्हणे."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि बॅग पुढे सरकवली. सात तासांच्या विमानात ती एकदाही झोपली नाही. मी झोपलो.

दुसऱ्या विमानतळावर सकाळ झाली होती. कागदी कपांतला चहा घेऊन आम्ही खुर्च्यांवर बसलो. आता दुसरी.

"अगं, अण्णांना ॲडमिट केलंय. काळजीचं काही कारण नाही."

तिने कप खाली ठेवला.

"सीरियस कधी होणार आहेत? विमान उतरल्यावर?"

सव्वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. पण सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणाला मी रोज जेवताना पद्धत समजावूनही सांगितली नव्हती.

"ताप म्हणालात तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "सात तास मी मनाशी म्हणतेय, खरंच ताप असेल. एखाद्याला खरंच ताप येतो ना हो?"

"येतो की."

"कधी गेले?"

"काल सकाळी. झोपेत."

"थांबलेत ना माझ्यासाठी?"

समोर एक बाई फरशी पुसणारं यंत्र ढकलत होती. आमच्या पायांशी आली तसे आम्ही दोघांनी पाय वर उचलले आणि ती पुढे गेल्यावर खाली ठेवले.

"तुझ्या भावाने विचारलं होतं," मी म्हणालो. "मीच म्हटलं, उरकून घ्या."

"मला न विचारता?"

"तू अंघोळीला होतीस."

हे उत्तर किती मूर्खपणाचं आहे ते मला बोलतानाच कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चहाचे दोन्ही कप उचलले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि विमानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. अजून रांग लागलीच नव्हती. ती एकटीच उभी होती.

दुपारी सासुरवाडीला पोचलो. पुढच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. अण्णांचा पलंग उभा करून कोपऱ्यात टेकवला होता. मेव्हणा तिच्या गळ्यात पडून रडला. ती त्याची पाठ थोपटत राहिली.

मग आत्या बोलल्या. अण्णांची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही. "काय गं, एक दिवस थांबवता नाही आलं? पेटी आणून ठेवलेली दारात. लेकीलाच बापाचं तोंड बघायची हौस नाही म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?"

"आत्या, असू दे," मेव्हणा म्हणाला. "भाऊजींनी ताईला विचारलंच असेल ना."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाट मोकळी करून दिल्यासारखं, आणि चांगला वेळ देऊन.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. छोटंच होतं.

"हो, मीच नको म्हटलं," ती आत्यांना म्हणाली. "प्रवासाचा भरवसा नव्हता."

आत्यांनी तोंड फिरवलं. बाकीच्यांनीही थोडं थोडं फिरवलं.

मी घसा खाकरला. सगळ्यांनी वर पाहिलं.

"भाऊजींना आधी पाणी द्या रे," मेव्हणा म्हणाला. "ताईला कसं सांभाळून आणलंय त्यांनी."

कुणीतरी तांब्या आणला. मी पाणी प्यायलो.