सुंभ, पीळ आणि फोडणीचा भात

दहिवलीच्या अंबाबाईचा भात पंचक्रोशीत नावाजलेला. शीत न् शीत सुटं, आणि पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही वाफाळता. गार भात वाढणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं, असं तिचं मत होतं, आणि तिची मतं बदलणारा अजून जन्माला यायचा होता.

भाच्याच्या, स्वप्नीलच्या, हळदीला टोपभर भात उरला. अंबाबाईने अन्न टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, टोपाला गोणी गुंडाळली, वर गोधडी घातली आणि बाळंतिणीसारखं त्याला कोपऱ्यात उबेला ठेवलं. सकाळी बघते तर भात अजून कोमट! बाई हरखली. मोहरी, मिरची, कढीपत्त्याची खमंग फोडणी देऊन तिने तो चटका बसेल इतका गरम केला. पहिलं ताट नवरदेवाला. त्याने दोनदा मागून घेतला. त्याचे दोन मित्रही जेवले, आणि तळाची खरवड अंबाबाईने स्वतः खाल्ली.

वऱ्हाड नवरीच्या गावाला, कुंभिवलीला निघालं. मानाची आत्या म्हणून अंबाबाई नवरदेवाच्या गाडीत. पळसदरीच्या पुढे स्वप्नीलचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबव रं," एवढंच म्हणून तो दार उघडून रस्त्याकडेला ओकला. मग फेट्याचा तुरा सांभाळत पुन्हा ओकला. मागच्या टेंपोतून त्याचे मित्रही उतरले आणि त्याच्या शेजारी वाकले.

भावकीतली चिमाकाकू उतरली ती पदर खोचूनच. "उष्टी हळद तिच्या अंगाला लागली न् हिकडं पोराची आतडी बाहेर! पोरगी लाभत नाय, सहदेवभावजी. गाड्या मागं फिरवा."

"मग मैतरांना काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"त्यांनीच हळद लावली व्हती ना त्याला!"

सहदेव, नवरदेवाचा बाप, मुळातच हलक्या कानाचा. तो रस्त्यावर गाडी वळवायला जागा शोधू लागला.

तेवढ्यात अंबाबाईच्या हातातला स्वप्नीलचा फोन वाजला. नवरी होती, श्रद्धा. ती फरसाणाच्या कारखान्यात मालाचे नमुने तपासायची. सगळं ऐकून तिने विचारलं, "सकाळी काय खाल्लं यांनी, आत्याबाई?"

"फोडणीचा भात. चांगला कडकडीत केलता गं."

"रात्री कुठे होता भात?"

"गोधडीत," अंबाबाई अभिमानाने म्हणाली. "सकाळपत्तुर कोमट!"

पलीकडे श्रद्धाने सुस्कारा सोडला. "तिथेच घात झाला. कोमट भातात जंतू रात्रभर वाढतात आणि विष सोडतात. फोडणीत जंतू मरतात, पण विष उकळूनही जात नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. यांना मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजा, आणि खालापुरात डॉक्टरांना दाखवूनच पुढे या. कुणी जेवलं असेल तर त्यालाही." मग ती हळूच म्हणाली, "भाताचं मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

अंबाबाईने फोन ठेवला. गप्प बसलं तर जन्मभराचं नाव वाचत होतं. आणि समोर चिमाकाकू सांगत होती, "पांढऱ्या पायाची हाय ती!" ती पोर मांडवात बसून आपली अब्रू झाकतेय, आणि आपण इथे तिची चव्हाट्यावर येताना ऐकतोय. अंबाबाईला स्वतःची लाज वाटली. नेमकं तेव्हाच तिच्याही पोटात ढवळून आलं. खरवडीने हजेरी लावली होती.

"चिमे, तोंड आवर!" ती कडाडली. "भात माझा हाय. रातभर मीच उबवला, मीच पोराला खाऊ घातला. पोरीच्या हळदीचा काय दोष? सहदेवा, गाडी फिरवलीस तर..." पुढची धमकी तिला पुरी करता आली नाही. ती वाकली, आणि जे व्हायचं ते चिमाकाकूच्या नव्याकोऱ्या चपलांवर झालं.

खालापूरच्या डॉक्टरांनी चौघांनाही ताळ्यावर आणलं. मुहूर्त टळला, पण लग्न लागलं. अंतरपाटाआड नवरदेव अजून पांढराच होता, पण उभा होता.

तोवर चिमाकाकूने भाताची गोष्ट मांडवभर केली होती. श्रद्धा पाया पडायला वाकली तेव्हा अंबाबाई कोपऱ्यात लिंबूपाणी पीत बसली होती.

"आत्याबाई, मी तर कुणाला सांगणार नव्हते," श्रद्धा कानाशी पुटपुटली.

"म्हणून तर मी सांगितलं गं," अंबाबाई म्हणाली.