टॅबमधली यादी

चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या मास्तरांनी बुधवारी दुकानातल्या टॅबवर एक ओळ टाइप केली: 'हात थरथरतात, शिवणकाम सोडावं लागेल का'. उत्तरं त्यांना शेवटपर्यंत वाचवली नाहीत. त्यांनी टॅब बंद केला आणि निर्धास्त झाले, कारण पडदा काळा झाला की आतलं सगळं पुसलं जातं अशी त्यांची समजूत होती.

गुरुवारी शोधायच्या चौकटीवर बोट टेकवलं, तर तीच ओळ खाली हजर. मास्तरांचं धाबं दणाणलं. कोटांचे नवे नमुने बायको याच टॅबवर शोधायची. हातांचं तिला कळलं तर दुकानाला त्याच दिवशी कुलूप लागणार, आणि मग घरात बसून काय माशा मारायच्या?

पुसायचं कसं ते ठाऊक नव्हतं. नको असलेलं कापड ते गठ्ठ्याच्या तळाशी घालत, तसेच आता एकावर एक प्रश्न टाकत सुटले: इस्त्री किती गरम असावी, सुती कापड आटतं का, कोटाला गुंड्या किती.

"अहो, कोटाच्या गुंड्या तुम्ही याला विचारताय?" दोरा ओवलेल्या सुया टेबलावरच्या सुयांच्या उशीत टोचता टोचता बायको म्हणाली. महिनाभरापासून हा तिचा नवा उद्योग होता. मास्तरांनी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

"बघतोय, त्याला येतं का," मास्तर म्हणाले. हात एव्हाना खिशात गेले होते.

ती बाहेर पडताच त्यांनी लेकीला फोन लावला. "यातलं जुनं काढून कसं टाकायचं गं?"

"वरचे तीन ठिपके दाबा, बाबा. मग 'इतिहास'. आईपासून काय लपवताय?"

"काही नाही. कचरा साठलाय."

यादी आली. गुंड्या, इस्त्री, मग बुधवारची ओळ. तेवढ्यात बोट थरथरलं आणि यादी मागच्या महिन्यापर्यंत सरकली. तिथले प्रश्न त्यांनी विचारलेलेच नव्हते. 'नवऱ्याचे हात थरथरतात'. 'थरथर वाढत जाते का'. 'नवऱ्याला न दुखवता कामात मदत कशी करावी'.

मास्तर उशीकडे बघत राहिले. बारा सुया, बाराही ओवलेल्या. त्यांना रडू आलं, पण भीती तसूभरही कमी झाली नाही.

"पुसलं का, बाबा?"

"राहू दे," ते म्हणाले.

बायको परत आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात खिशातून काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवले. तिनं ते आपल्या हातांनी दाबून धरले. तिचे हात गार पडले होते.

"डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगताय, त्याचीच वाट बघत होते."